बोबडी वळविणारी वाक्ये

बोबडी वळविणारी वाक्ये : भरभर किंवा ओळीने अनेकदा उच्चारू गेल्यास ज्यांत जीभ हमखास अडखळते, अशी मुद्दाम जुळविलेली वाक्ये वा शब्दसमूह. मराठी लोकव्यवहारात त्यांना एकच एक रूढ नाव नाही. ‘हे चटकन दहा वेळा म्हणून दाखव’ अशा आव्हानानेच ती एका तोंडून दुसऱ्या तोंडी जातात. इंग्रजीतून आलेला ‘टंग ट्विस्टर’ हा शब्दही शहरी मराठीत रुळला आहे. जर्मन भाषेतील नावाचा अर्थ ‘जीभ मोडणारे’, तर जपानी नावाचा अर्थ ‘शीघ्र तोंडाचे शब्द’ असा होतो. पहिल्या नावात परिणामावर आणि दुसऱ्यात वेगावर भर आहे. या दोहोंचा संबंध नेमका कोणता, हा या वाक्यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा मुख्य प्रश्न होय.

मराठीतील सर्वपरिचित उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत : ‘कच्चा पापड, पक्का पापड’, ‘चटईला टाचणी टोचली’, ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’. (राळे म्हणजेच कांग हे बारीक भरडधान्य होय.) यांपैकी कोणत्याही वाक्यात अवघड शब्द नाही आणि सावकाश म्हटल्यास चार वर्षांचे मूलही ते म्हणू शकते. अवघडपणा सुट्या ध्वनींत नसून त्यांच्या क्रमात व वेगात असतो, हे यावरून सहज लक्षात येते.

भाषिक खेळांच्या इतर प्रकारांपासून ही वाक्ये वेगळी ओळखावयास हवीत. उलटसुलट कसेही वाचले तरी तेच राहणारे विलोमपद हा अक्षरांचा, म्हणजे डोळ्यांचा खेळ आहे. त्यात जिभेला कष्ट पडत नाहीत. ‘क’ने सुरू होणाऱ्या शब्दांचीच काका-काकूंची लांबलचक वाक्ये रचण्याचा खेळ हा अनुप्रासाचा होय. एकच वर्ण पुनःपुन्हा आला म्हणून उच्चार कठीण होत नाही. उलट जिभेला तीच हालचाल परत करावयाची असल्याने तो सोपा राहतो. भारवीच्या किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गात ‘न’ या व्यंजनावर व माघाच्या शिशुपालवधाच्या एकोणिसाव्या सर्गात ‘द’ या व्यंजनावर रचलेले श्लोक आहेत. ते कळावयास कठीण आहेत, पण म्हणावयास तितकेसे नाहीत. जीभ अडखळण्यासाठी निदान दोन ध्वनी लागतात, आणि ते एकमेकांसारखे असूनही एक नसावे लागतात.

उच्चारस्थाने व मराठीची वैशिष्ट्ये : ध्वनींतील हे साम्य कशावर अवलंबून असते, याचा विचार भारतात प्राचीन काळीच झाला. शिक्षा व प्रातिशाख्ये या ग्रंथांनी वर्णांचे वर्गीकरण स्थान आणि प्रयत्न या दोन तत्त्वांवर केले. कंठ, तालू, मूर्धा, दंत व ओष्ठ अशी घशाकडून ओठांकडे येणारी वर्णमालेतील पाच वर्गांची मांडणी त्याच विचाराचे फळ होय [⟶ वर्णमाला]. वर्णमालेतील दोन वर्णांमध्ये एकाच गुणाचा, म्हणजे केवळ स्थानाचा, केवळ घोषाचा किंवा केवळ महाप्राणाचा फरक असला, तर ते एकमेकांच्या जागी येण्याचा संभव अधिक असतो. बोबडी वळविणारी वाक्ये रचणाऱ्या अनामिक लोकांनी अशाच जोड्या अचूक हेरल्या आहेत.

मराठीत अशा जोड्या विपुल आहेत. ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद जिभेच्या टोकाच्या जागेचा आहे : पहिल्यात ते दातांमागील उंचवट्यावर टेकते, दुसऱ्यात मागे वळून मूर्धेकडे जाते. याहून विशेष म्हणजे ‘च’, ‘ज’ व ‘झ’ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार. ‘चार’ (४) मधील च तालव्य, तर ‘चारा’ (गवत) मधील च दंततालव्य. ‘जग’ म्हणजे विश्व यातील ज तालव्य, तर ‘जग’ या आज्ञार्थी क्रियापदातील दंततालव्य. ‘चिंच’ या एकाच शब्दात पहिला च तालव्य व दुसरा दंततालव्य आहे. ‘त्याचा’–‘त्याची’ किंवा ‘माझा’–‘माझी’ यांत केवळ लिंग बदलताच उच्चार बदलतो. लिपीत हा भेद दाखविला जात नाही. तो कानाने शिकावा लागतो. म्हणूनच मराठी नव्याने शिकणाऱ्यास साधी वाक्येही बोबडी वळविणारी वाटतात.

मराठीच्या ध्वनिव्यवस्थेच्या आधुनिक अभ्यासात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९३९ मध्ये डेक्कन महाविद्यालयात पदव्युत्तर व संशोधन संस्था सुरू झाली आणि भाषाविज्ञान हा तिच्या प्रमुख विषयांपैकी एक ठरला. तेथील ना. गो. कालेलकर यांनी ध्वनिविचार या ग्रंथातून ध्वनिविज्ञानाची शास्त्रीय ओळख मराठी वाचकास करून दिली. अशोक रा. केळकर (१९२९–२०१४) यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठास १९५८ मध्ये सादर केलेला प्रबंध मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व पदव्यवस्थेवर होता.

तीन वाक्यांचे विश्लेषण : वर दिलेली तीन वाक्ये तीन निरनिराळ्या प्रकारे जिभेस अडवितात.

‘चटईला टाचणी टोचली’ या वाक्याचा गाभा दंततालव्य च आणि मूर्धन्य ट हा आहे. च उच्चारताना जिभेचे टोक दातांजवळ येते. ट उच्चारताना तेच टोक मागे वळते. एकाच अवयवाला क्षणार्धात दोन विरुद्ध कामे करावी लागतात. शिवाय पहिल्या शब्दात क्रम च–ट असा आहे, तर पुढील दोन शब्दांत तो ट–च असा उलटतो. पहिल्या शब्दाने बसविलेली लय दुसऱ्या शब्दात मोडते. त्यामुळे ‘टचईला’, ‘चाटणी’ किंवा ‘चोटली’ असे स्खलन होते. चुकीमध्ये दोन्ही ध्वनी बहुधा शाबूत राहतात, केवळ जागा बदलतात.

‘काळे राळे’ या वाक्यात र पाच वेळा, ळ सहा वेळा आणि ल एकदाच येतो. तिन्ही ध्वनी जिभेच्या टोकाचे आहेत : र मध्ये ते झटका देते, ळ मध्ये मागे वळून पुढे आपटते, ल मध्ये टेकून राहते व हवा दोन्ही बाजूंनी जाते. ‘काळे राळे’ या यमकानंतर ‘गोरे’ या शब्दात ळ च्या अपेक्षित जागी र येतो. म्हणून ‘गोळे राळे’ असे तोंडून निघते. तेथून सावरल्यावर शेवटच्या शब्दात खरी कसोटी लागते. ‘मिसळले’ या शब्दातील ळ मधला अकार उच्चारात लोपतो आणि ळ ला लागूनच ल येतो. इतका वेळ ळ ची सवय झालेली जीभ ‘मिसळळे’ म्हणते किंवा घाईने ‘मिसलले’ म्हणून मोकळी होते.

‘कच्चा पापड, पक्का पापड’ याची गोष्ट वेगळी आहे. यातील क जिभेच्या मागच्या भागाचा, च पुढच्या भागाचा व प ओठांचा. तीन कामे तीन निरनिराळ्या भागांकडे असल्याने स्नायूंच्या दृष्टीने हे वाक्य सोपे आहे. तरीही ते सर्वांत जास्त लोकांना चकविते. याचे कारण शब्दांच्या घडणीत आहे. ‘कच्चा’ व ‘पक्का’ यांचा साचा एकच : एक व्यंजन, अकार, जोडव्यंजन, आकार. दोन्हींनंतर तोच ‘पापड’. पहिल्या शब्दाच्या आरंभी असलेला क दुसऱ्या शब्दात मध्यभागी जातो आणि त्याच्या जागी पापडातील प येतो. साचा एक, भरणा वेगळा, असे झाल्यावर कोणता ध्वनी कोणत्या घरात टाकावयाचा याचा गोंधळ उडतो आणि ‘पच्चा पापड’, ‘कक्का पापड’ अशी रूपे निघतात. येथे अडखळते ते मन. जीभ केवळ मनाने दिलेली चुकीची आज्ञा पाळते.

अडखळण्याची कारणमीमांसा : सामान्य बोलण्यात दर सेकंदास सुमारे १० ते १५ ध्वनी उच्चारले जातात. एक ध्वनी संपला, मग दुसऱ्याचा विचार केला, असे करावयास सवड नसते. म्हणून मेंदू पुढील शब्दांची तयारी आधीच करून ठेवतो. ‘भात-वरण’ म्हणावयाचे असताना कोणी ‘वात-भरण’ म्हणतो, तेव्हा ‘व’ हा ध्वनी त्याची वेळ येण्यापूर्वीच मनात सज्ज होता, हे उघड होते. पुढचे मनात नसते, तर ते आधी येऊच शकले नसते. अशा वाक्स्खलनांचा पहिला मोठा संग्रह रूडोल्फ मेरिंगर व कार्ल मायर यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकन भाषाविज्ञ व्हिक्टोरिया फ्रॉम्किन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले, की अशा चुका नियमबद्ध असतात आणि त्यांवरून बोलण्याच्या मानसिक प्रक्रियेविषयी अनुमान करता येते. आरंभीचे व्यंजन आरंभीच्याच व्यंजनाशी अदलाबदल करते, स्वर स्वराच्याच जागी जातो, आणि चुकून झालेला शब्दही त्या भाषेच्या ध्वनिनियमांत बसणारा असतो. वरील उदाहरणातही ‘वात’ व ‘भरण’ हे दोन्ही शब्द मराठी आहेत. चूक अर्थपूर्ण शब्दाकडे झुकते, हे पुढे प्रयोगांनीही दिसून आले आहे.

यावरून असे मानले जाते, की मनात शब्दाचा साचा व त्यात भरावयाचे ध्वनी स्वतंत्रपणे तयार होतात आणि ऐनवेळी जुळविले जातात. दोन शेजारी साचे सारखे व ध्वनी जवळचे असले, की जुळणी चुकते. बोबडी वळविणारे वाक्य म्हणजे ही परिस्थिती मुद्दाम निर्माण करणारी रचना होय. वेग वाढल्याने चूक दुरुस्त करण्याची सवड जाते, आणि पुनरावृत्तीने मागील फेरीतील ध्वनी पुढील फेरीतही रेंगाळत राहतात. म्हणून पहिल्या खेपेस निभावलेले वाक्य तिसऱ्या-चौथ्या खेपेस दगा देते.

केवळ स्नायूंचा दोष असता, तर मनातल्या मनात वाचताना ही वाक्ये सोपी वाटावयास हवी होती. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र असे आढळले, की मूकवाचनातही अशा वाक्यांना साध्या वाक्यांपेक्षा अधिक वेळ लागतो. मनातल्या मनात म्हणतानाही आपण चुकलो, असे वक्त्यांना जाणवते. मूकबधिरांच्या खुणांच्या भाषांतही बोटांची तारांबळ उडविणारी वाक्ये रचता येतात. त्यामुळे हा गुण केवळ जिभेचा नसून भाषेच्या उच्चारयोजनेचा आहे, या मतास पुष्टी मिळते.

तथापि शरीराचा वाटा नाकारता येत नाही. जिभेच्या हालचाली यंत्राने नोंदविल्यावर असे दिसले, की कित्येकदा एका ध्वनीच्या जागी दुसरा येत नाही. दोन्हींच्या हालचाली एकाच वेळी होतात. ऐकणाऱ्यास ‘क’ ऐकू येतो, पण त्याच क्षणी जिभेचे टोक ‘त’साठीही उचललेले असते. मेंदूच्या पृष्ठभागावरून थेट विद्युत्‌नोंदी घेणाऱ्या एडवर्ड चँग व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील संशोधनानुसार उच्चारांचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागात ओठांचे, जिभेच्या पुढच्या भागाचे व मागच्या भागाचे ध्वनी असे गट पडतात. एकाच गटातील ध्वनींची मेंदूतील चिन्हे एकमेकांसारखी असतात. स्थानावर आधारलेल्या भारतीय वर्णमालेच्या वर्गीकरणाशी हे गट मिळतेजुळते आहेत, ही लक्षणीय गोष्ट होय.

अन्य भाषांतील प्रकार : प्रत्येक भाषा आपापल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. इंग्रजीत स आणि श यांची अदलाबदल प्रसिद्ध आहे. ‘पीटर पायपर’ हे त्या भाषेतील विख्यात वाक्य लंडन येथे १८१३ मध्ये छापलेल्या उच्चारविषयक बालपुस्तकात आढळते. चिनी भाषेतील वाक्ये चार व दहा या अंकांच्या जवळजवळ सारख्या नावांवर, तर चेक भाषेतील वाक्ये स्वरहीन शब्दांवर आधारलेली असतात. जपानीतील एक प्रसिद्ध शब्दमालिका कच्चा गहू, कच्चा तांदूळ व कच्चे अंडे यांची आहे. आपल्या पापडाशी तिचे साम्य गमतीचे वाटते. २०१३ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्यासंस्थेतील स्टेफनी शॅटक-हफ्नागेल यांनी प्रयोगासाठी रचलेली एक निरर्थक इंग्रजी शब्दमालिका बहुतेकांना धड म्हणता आली नाही, असे सांगण्यात आले. परंतु एका भाषेतील वाक्य दुसरीहून अधिक कठीण, असे ठरविणारे सर्वमान्य माप नाही. हिंदी किंवा बंगाली भाषकास ‘काळे राळे’ प्रथमपासूनच अवघड, कारण प्रमाण हिंदीत व बंगालीत ळ नाही. कन्नड, तमिळ वा गुजराती भाषकास तो परका वाटत नाही.

पाठशुद्धीची परंपरा : ध्वनींच्या क्रमाशी खेळण्याचा एक प्रकार आपल्याकडे अगदी उलट हेतूने विकसित झाला. वैदिकांच्या जटापाठात दोन पदे प्रथम सरळ, मग उलट व पुन्हा सरळ म्हटली जातात. घनपाठात हीच रचना तीन पदांपर्यंत वाढते. यात क्रमाची उलटापालट सतत चालू असते, परंतु तिचा उद्देश पाठकास चकविणे हा नसून एकही वर्ण ढळू न देणे हा आहे. वर्षानुवर्षांच्या सावकाश व निश्चित लयीतील सरावाने जीभ कितीही गुंतागुंतीच्या क्रमाला वश होते, याचे ते ठळक उदाहरण होय [⟶ वेदपाठ]. वाघीण पिलांना दातांत धरून नेते, तेव्हा ती पडू देत नाही आणि त्यांना दात लागूही देत नाही. वर्णोच्चार तसा असावा, ही पाणिनीय शिक्षेतील उपमा प्रसिद्ध आहे.

उपयोग व मर्यादा : रंगभूमीवरील नट, आकाशवाणीवरील निवेदक व गायक ही वाक्ये वाचेच्या तयारीसाठी म्हणतात. असा सराव सावकाश आरंभून वेग क्रमाने वाढविल्यास उपयुक्त ठरतो. आरंभीच घाई केल्यास चूकच पक्की होते. वाचाचिकित्सेत ‘प-त-क’ ही अक्षरे शक्य तितक्या वेगाने म्हणावयास लावतात. ओठ, जिभेचा पुढचा भाग व मागचा भाग यांची ती परीक्षा असते. निरोगी प्रौढ व्यक्ती सेकंदास सुमारे ५ ते ७ अक्षरे उच्चारू शकते. हा वेग वा नियमितपणा घटल्यास मज्जासंस्थेतील बिघाडाची शंका घेता येते.

खेळ म्हणून ही वाक्ये निर्मळ असली, तरी त्यांचा कसोटी म्हणून वापर करताना विवेक हवा. प्रमाण मराठी पुण्याकडील सुशिक्षितांच्या बोलीवर मुख्यतः उभी असल्याने न-ण व ल-ळ यांचा तेथील भेद शुद्धतेचा निकष मानला गेला आणि ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांची शाळेत थट्टा होत आली. परंतु मराठीच्या अनेक बोलींत ण च्या जागी न हाच नियमित ध्वनी आहे. वऱ्हाडीत व अहिराणीत ळ च्या जागी य येतो आणि डोळ्याचा ‘डोया’ होतो. हे स्खलन नव्हे. स्खलन क्षणिक असते, बोलणाऱ्यास ते लगेच जाणवते आणि सावकाश म्हणताना नाहीसे होते. बोलीतील उच्चार वेग कमी केला तरी तोच राहतो, कारण तो त्या बोलीच्या व्यवस्थेचा भाग असतो. वऱ्हाडी माणसाने आपल्या बोलीत ‘काये राये’ म्हटल्यास त्याची जीभ अडखळणारही नाही. प्रमाण उच्चार शिकविणे हे शाळेचे काम असू शकते. मात्र घरी शिकलेल्या उच्चाराला जिभेचा दोष समजणे शास्त्राला धरून नाही.

बोबडेपणा व तोतरेपणा यांतही फरक केला पाहिजे. लहान मुलांच्या तोंडी र उशिरा बसतो. रामाचा ‘लाम’ होणे हा वाढीचा एक टप्पा असून तो बहुधा आपोआप ओलांडला जातो. तोतरेपणात मात्र व्यक्तीस शब्द व ध्वनी नेमके ठाऊक असूनही त्यांचा प्रवाह अडतो. सुमारे शंभरात पाच मुलांना तो बालपणी केव्हातरी होतो व बहुतेकांचा जातो. प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. त्यामागे आनुवंशिक व मज्जासंस्थेच्या वाढीशी निगडित कारणे असतात. भित्रेपणा, आळस किंवा ‘जड जीभ’ हे त्याचे मूळ नव्हे. अशा मुलास चारचौघांत ‘चटईला टाचणी टोचली’ म्हणावयास लावल्याने त्याची वाचा मोकळी होत नाही. बोलण्याची धास्ती मात्र वाढते. त्याचे वाक्य मध्येच न तोडता, न हसता ऐकून घेणे आणि अडचण टिकून राहिल्यास वाचाचिकित्सकाचा सल्ला घेणे हितावह असते. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था (स्थापना १९६५) व मुंबईतील अली यावर जंग संस्था (स्थापना १९८३) यांसारख्या संस्थांतून या विषयाचे शिक्षण व उपचार उपलब्ध झाले असून पुण्यातही वाचाचिकित्सेचे महाविद्यालयीन शिक्षण मिळते.